कठीण खेळ आणि लढण्याच्या रीती

खेळ म्हटला की विरंगुळा, आणि विरंगुळा म्हटला की जे सहज जमते ते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. दिवसभराच्या कामानंतर माणूस खेळाकडे वळतो तो थोडे सुखावण्यासाठी. तेथेही पुनःपुन्हा पराभवच पदरी पडू लागला, तर तो खेळ बाजूला ठेवील, हे तर्काला धरूनच आहे. परंतु गेल्या दीड दशकात एका जपानी कंपनीच्या व्हिडिओ गेम्सनी या तर्काला चांगलाच धक्का दिला आहे. हे खेळ विकत घेणारा नवखा माणूस पहिल्या तासाभरात कित्येकदा मरतो. प्रत्येक वेळी पडदा काळवंडतो, 'तू मेलास' अशा अर्थाची तांबडी अक्षरे उमटतात, आणि खेळ त्याला बरेच अंतर मागे नेऊन ठेवतो. असे असूनही २०२२ साली आलेल्या 'एल्डन रिंग' या खेळाच्या पहिल्या वर्षभरातच दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या.

'तरुणांना वेड लागले आहे' असे म्हणून हा विषय मिटवता येतो; पण त्याने काहीच कळत नाही. हे खेळ कठीण आहेत म्हणजे नेमके काय, ते काठिण्य कोठे वसते, आणि खेळाडूने निवडलेल्या लढण्याच्या रीतीशी त्याचा संबंध काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे की, या खेळांतील काठिण्य ही एकदाच ठरून गेलेली गोष्ट नाही. लढण्याच्या रीती जितक्या अधिक, तितके ते लवचीक होते. रीती जितक्या कमी, तितके ते ताठर होते. हे एकदा ध्यानात आले, की या खेळांभोवती चाललेल्या एका मोठ्या वादाकडे, म्हणजे त्यांत 'सोपा पर्याय' असावा की नसावा या वादाकडे, पाहण्याची आपली दृष्टीही थोडी बदलते.

१. हात आणि हिशेब

ज्यांना या खेळांचा परिचय नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक बैठा खेळ प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसलेल्या खेळाडूंनी प्रत्येकी एकेक पात्र घ्यावयाचे, त्या पात्राचे बळ, चपळाई, बुद्धी इत्यादी गुण आकड्यांत मांडावयाचे, आणि लढाईचा निकाल फासे टाकून लावावयाचा, अशी त्याची रचना होती. पात्राची भूमिका वठवावयाची म्हणून या प्रकाराला 'रोल-प्लेइंग' हे नाव मिळाले. पुढे हीच कल्पना संगणकावर आली. जपानमध्ये १९८६ साली आलेला 'ड्रॅगन क्वेस्ट' हा खेळ या परंपरेतला. त्यात लढाई पाळीपाळीने चालते. आपली पाळी आली की हवा तितका वेळ विचार करता येतो. तेथे जिंकतो तो हिशेब.

याउलट 'ॲक्शन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळांत वेळ कोणासाठी थांबत नाही. शत्रूचा वार येतो तेव्हा हात चालला पाहिजे. या दोन परंपरांचा संगम म्हणजे 'ॲक्शन रोल-प्लेइंग' खेळ होय. येथे दोन प्रकारची बळे एकाच वेळी काम करतात. एक पात्राचे बळ, जे आकड्यांत वाढते. दुसरे खेळाडूचे कौशल्य, जे त्याच्या डोळ्यांत आणि बोटांत मुरते. आकडा कमी असला तरी हात तयार असेल तर निभावते. हात कच्चा असेल तर आकड्याने काही अंशी भरपाई होते. काठिण्याचा सारा प्रश्न या देवाणघेवाणीत दडलेला आहे.

ज्या कंपनीचे खेळ आपण उदाहरणादाखल घेणार आहोत ती 'फ्रॉमसॉफ्टवेअर' १९८६ साली टोकियोत स्थापन झाली. कंपनीचा पहिला खेळ 'किंग्ज फील्ड' हा १९९४ साली आला. तिला जगभर नाव मिळवून देणारे हिदेताका मियाझाकी हे मात्र २००४ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, दुसऱ्या क्षेत्रातील नोकरी सोडून तेथे दाखल झाले. कंपनीत 'डेमन्स सोल्स' नावाचा एक खेळ रखडला होता. तो अपयशी ठरणार अशीच सर्वांची धारणा होती. मियाझाकींनी तो हाती घेतला. २००९ साली तो बाहेर पडला तेव्हा आरंभी खप बेताचाच होता. परंतु खेळलेल्यांनी न खेळलेल्यांना सांगावे, अशा रीतीने त्याची कीर्ती पसरत गेली. त्यानंतर 'डार्क सोल्स' (२०११), 'ब्लडबोर्न' (२०१५), 'सेकिरो' (२०१९) आणि 'एल्डन रिंग' (२०२२) असे मियाझाकींच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेले महत्त्वाचे खेळ आले. २०१४ साली ते कंपनीचे अध्यक्षही झाले.

२. एका वाराचे तीन भाग

या खेळांतील लढाई समजण्यासाठी एका वाराची फोड करून पाहणे उपयुक्त ठरेल. प्रत्येक वाराचे तीन भाग असतात. पहिला पवित्रा : शस्त्र मागे जाते, खांदा वळतो, शरीर भार घेते. दुसरा प्रत्यक्ष आघात. तिसरा सावरणे : शस्त्र पुढे गेलेले, तोल जाऊ पाहणारा, आणि शरीर क्षणभर उघडे. यांतील पहिला भाग शत्रू काय करणार याची सूचना देतो, आणि तिसरा भाग आपल्याला संधी देतो.

इतर अनेक खेळांत बटण दाबले की पात्र वार करते आणि वाटेल तेव्हा तो अर्धा सोडून पळूही शकते. 'डार्क सोल्स'मध्ये तसे सहसा करता येत नाही. एकदा जड तलवार उचलली की ती खाली येऊन पुन्हा सावरेपर्यंत आपण त्या वाराला बांधलेले असतो. शिवाय प्रत्येक वार, प्रत्येक कोलांटी आणि ढालीवर झेललेला प्रत्येक आघात आपला दम खर्च करतो. पडद्याच्या कोपऱ्यात या दमाची हिरवी पट्टी दिसते. ती संपली की मनात कितीही डाव असले तरी शरीर चालत नाही. कुस्तीच्या आखाड्यात दम राखून खेळणे ज्याला कळत नाही, त्याचे जे होते तेच येथे घाईने बटणे दाबणाऱ्याचे होते.

विशेष हे की शत्रूलाही बव्हंशी हाच नियम लागू आहे. तो कितीही अवाढव्य असला तरी त्याला पवित्रा घ्यावा लागतो आणि आघातानंतर सावरावे लागते. म्हणूनच या खेळांत निरीक्षणाला मोल आहे. पहिल्या भेटीत राक्षस अजिंक्य वाटतो. पाचव्या भेटीत 'हा उजवा खांदा वळवतो तेव्हा आडवा वार येतो' हे कळते. दहाव्या भेटीत त्या आडव्या वाराची वाट पाहिली जाते. राक्षसाचे बळ तसूभरही कमी झालेले नसते. बदललेला असतो तो पाहणारा.

'डार्क सोल्स'च्या आरंभीचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. हाती केवळ मोडक्या तलवारीची मूठ असताना एका दालनात एक प्रचंड राक्षस समोर उभा ठाकतो. त्याच्याशी लढू पाहणारा बहुधा मरतो. मात्र दालनाच्या डाव्या बाजूला एक दार उघडे असते. त्यातून निसटून जाणे हाच त्या वेळचा शहाणपणा होय. पुढे शस्त्र व ढाल मिळाल्यावर वाट फिरून त्याच राक्षसाच्या डोक्यावर असलेल्या सज्ज्यात येते, आणि तेथून उडी घेऊन केलेला पहिलाच वार त्याचे पुष्कळ बळ हिरावून घेतो. दोन पाठ येथे एका शब्दाशिवाय शिकवले गेले : प्रत्येक लढाई आत्ताच लढली पाहिजे असे नाही, आणि बळापेक्षा जागा मोठी.

३. एकच शत्रू, अनेक रूपे

आता लढण्याच्या रीतींकडे वळू. 'डार्क सोल्स' आणि 'एल्डन रिंग' या खेळांत ठळकपणे पाच रीती दिसून येतात.

पहिली ढालीची. ढाल उंचावून वार झेलावयाचा आणि शत्रू सावरत असताना प्रहार करावयाचा. ही रीत नवख्याला धीर देते, कारण वाराची वेळ अचूक साधावी लागत नाही. किंमत दमाच्या रूपाने द्यावी लागते. दुसरी कोलांटीची. वार येताच लोळण घेऊन तो चुकवावयाचा. कोलांटीच्या मधल्या काही अल्पशा क्षणांत शस्त्र अंगातून गेले तरी इजा होत नाही, म्हणून दूर पळण्यापेक्षा वाराच्या आतच शिरणे पुष्कळदा हिताचे ठरते. येथे अंगावरच्या ओझ्याचा हिशेब असतो. 'एल्डन रिंग'मध्ये ओझे वाहण्याच्या मर्यादेच्या तीस टक्क्यांखाली भार असेल तर कोलांटी लांब पडते, सत्तर टक्क्यांपलीकडे गेला तर ती सुस्त होते. जाड चिलखत हवे की चपळ अंग, हा निर्णय लढाईपूर्वीच घ्यावा लागतो.

तिसरी रीत वार उडवून लावण्याची. शत्रूचे शस्त्र अंगाशी येण्याच्या नेमक्या क्षणी ढालीचा झटका दिला की त्याचा तोल जातो आणि त्याच्यावर एक निर्णायक घाव घालता येतो. क्षण चुकला तर मात्र पूर्ण वार अंगावर बसतो. चौथी रीत मंत्रांची व दूरच्या माऱ्याची. पात्राचे आकडे बुद्धी किंवा श्रद्धा या गुणांत गुंतवावयाचे आणि शत्रू जवळ येण्यापूर्वीच त्याला जर्जर करावयाचे. आणि पाचवी रीत मदतीची : दुसऱ्या खेळाडूला आपल्या जगात बोलवावयाचे, किंवा 'एल्डन रिंग'मध्ये काही ठराविक ठिकाणी आत्म्यांना साहाय्यासाठी पाचारण करावयाचे.

या रीती म्हणजे एकाच मुक्कामाला जाणारे सारखेच रस्ते नव्हेत. त्यांच्यामुळे शत्रूच बदलतो. 'डार्क सोल्स'च्या अखेरीस भेटणारा राजा ग्विन याचे उदाहरण घ्या. कोलांटीवर विसंबणाऱ्याला तो श्वास घेऊ देत नाही. औषधाचा घोट घेण्याइतकीही फुरसत मिळत नाही. परंतु त्याचे तलवारीचे वार उडवून लावता येतात. ज्याने संपूर्ण खेळभर ती कला घोटली, त्याला हाच राजा थोड्या वेळात गुडघ्यावर आणता येतो. याउलट 'एल्डन रिंग'मधील मलेनिया ही योद्धी प्रत्येक लागलेल्या वारागणिक स्वतःचे बळ भरून काढते, आणि तो वार ढालीवर झेलला तरीही भरून काढते. जन्मभर ढालीआड सुरक्षित राहिलेल्याची मिरासच तेथे संपते. मग 'मलेनिया कठीण की ग्विन कठीण' या प्रश्नाला उत्तर काय देणार? 'कोणासाठी आणि कोणत्या रीतीने' हे विचारल्यावाचून ते देताच येत नाही.

मदतीच्या रीतीबद्दल दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत, कारण खेळाडूंत तिच्याविषयी एक तुच्छतेची भावना आढळते. मंत्र वापरणारा किंवा सोबत घेणारा 'खरा' जिंकला नाही, असे हिणवले जाते. या हिणवण्याला खेळात काहीही आधार नाही. मियाझाकींनी एका मुलाखतीत सांगितले आहे की, बर्फाने निसरड्या झालेल्या एका चढावर गाड्या अडकल्या असता मागच्या अनोळखी लोकांनी पुढच्या गाड्या ढकलून वर नेल्या, आणि नंतर ते एकमेकांना कधीच भेटले नाहीत. या अनुभवातून त्यांना सोबतीची ही कल्पना सुचली. म्हणजे मदत ही या खेळात मागाहून जोडलेली सवलत नाही. ती त्याच्या मुळाशीच आहे. कोठे सापळा आहे, कोठे गुप्त वाट आहे, याच्या खुणा खेळाडू एकमेकांसाठी जमिनीवर लिहून ठेवतात. २०२२ साली तर एका खेळाडूने 'तिच्याशी मला एकट्याला लढू द्या' असे टोपणनाव घेऊन, अंगावर चिलखत नाही आणि डोक्यावर मडके अशा वेशात, मलेनियापुढे हतबल झालेल्या शेकडो अनोळखी खेळाडूंच्या जगात जाऊन त्यांच्या वतीने ती लढाई लढली. त्याचे जगभर कौतुक झाले. मदत देणाऱ्याचे कौतुक आणि घेणाऱ्याची हेटाळणी, हा न्याय काही बरोबर नव्हे.

४. ढाल काढून घेतली तेव्हा

'डार्क सोल्स'मध्ये पुष्कळ खेळाडू ढालीआड दबून खेळतात, असे दिसून आले. ढाल उंच धरून हळूहळू पुढे सरकणे हे सुरक्षित असले तरी कंटाळवाणेही होते. 'ब्लडबोर्न'मध्ये कर्त्यांनी यावर एक धीट उपाय केला : त्यांनी ढाल जवळजवळ काढूनच टाकली. नावापुरती एक लाकडी ढाल सापडते. पण तिच्या वर्णनातच ढालीमुळे माणूस निष्क्रिय बनतो अशी कोपरखळी मारलेली आहे. डाव्या हाती ढालीऐवजी बंदूक आली, आणि शत्रू वार करीत असता नेमक्या क्षणी गोळी झाडली की त्याचा तोल जातो.

याहून महत्त्वाचा बदल म्हणजे गमावलेले बळ परत मिळवण्याची सोय. वार लागल्यावर थोड्याच अवधीत आपण उलट प्रहार केला, तर गेलेल्या बळाचा काही भाग परत मिळतो. 'डार्क सोल्स'मध्ये मार बसला की माणूस मागे सरतो. 'ब्लडबोर्न'मध्ये मार बसला की तो पुढे झेपावतो. एका नियमाने खेळाडूचा स्वभाव बदलला. लेखनात कर्तरी प्रयोगाचा कर्मणी केला की वाक्याचा रोख बदलतो. तसेच काहीसे येथे घडले आहे.

तथापि रीत कमी झाली की पर्यायही कमी होतात. ढाल घेऊन सावकाश शिकणाऱ्याला 'ब्लडबोर्न'मध्ये जागा उरली नाही. काठिण्य वाढले असे सरसकट म्हणता येणार नाही, कारण धाडसी खेळाडूला हाच खेळ अधिक सोयीचा वाटतो. पण ते अधिक ताठर झाले हे निश्चित.

५. एकच रीत

हा प्रवास 'सेकिरो'त टोकाला जातो. या खेळाची पार्श्वभूमी सोळाव्या शतकाच्या अखेरच्या, यादवीने पोखरलेल्या जपानची आहे. नायक एक हात गमावलेला शिनोबी. त्याच्या हाती प्रामुख्याने एकच तलवार. गुणांचे आकडे मनाजोगे वाटून घेण्याची सोय नाही, चिलखतांची निवड नाही, दुसऱ्या खेळाडूची सोबतही नाही. कृत्रिम हातात बसवलेली काही साधने आहेत. परंतु लढाईचा कणा एकच : तलवारीवर तलवार झेलणे.

येथे शत्रूला दोन पट्ट्या असतात. एक प्राणाची, दुसरी तोलाची. त्याचा वार आपण अचूक क्षणी तलवारीने उडवला, किंवा आपण सतत चढाई करीत राहिलो, की त्याचा तोल ढासळत जातो. तो पूर्ण ढासळला की एकाच घावात निकाल लागतो, मग प्राणाची पट्टी कितीही भरलेली असो. आपण माघार घेतली तर त्याचा तोल पुन्हा सावरतो. मात्र शत्रू जखमी असेल तर तोल सावरण्याचा वेग मंदावतो, म्हणून दोन्ही पट्ट्यांचा विचार एकत्र करावा लागतो. काही वार साध्या झेलण्याने थोपत नाहीत. अशा वेळी पडद्यावर धोका या अर्थाचे तांबडे चित्राक्षर चमकते, आणि येणारा वार भोसकण्याचा आहे, पायांवर झाडलेला आहे की पकडण्याचा आहे हे क्षणार्धात ओळखून अनुक्रमे पुढे पाऊल टाकून शस्त्र पायाखाली दाबणे, उडी मारणे किंवा बाजूला होणे, यांपैकी एक उत्तर द्यावे लागते. हा डाव आणि प्रतिडावांचा संवाद आहे. त्याला लय आहे. लोखंडावर लोखंड आपटल्याचा नाद जसजसा नियमित होतो, तसतसे आपण बरोबर खेळत आहोत हे कानालाही कळते.

कर्त्यांना हे ताठरपण ठाऊक होते, असे मानण्यास जागा आहे. कारण खेळाच्या आरंभीच एका पडक्या देवळापाशी हानबेई नावाचा एक माणूस भेटतो. त्याला मरण नाही, म्हणून तो स्वतःच आपल्याला सरावासाठी देह देऊ करतो. त्याच्याशी एकेक डाव हवा तितक्या वेळा घोटता येतो. एकच रीत सक्तीची केली, तर ती शिकवणारा वस्तादही दिला पाहिजे, हे भान येथे दिसते. 'सेकिरो'ला २०१९ साली 'द गेम अवॉर्ड्स' या समारंभात वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाचा मान मिळाला. आणि सोप्या पर्यायाचा वाद सर्वांत जोरात पेटला तोही याच खेळावरून. या दोन गोष्टींचे मूळ एकच आहे. एकाच रीतीमुळे त्याला एवढी धार आली, आणि एकाच रीतीमुळे ज्याला ती जमत नाही त्याच्यासाठी दुसरे दार उरले नाही.

६. न्याय्य आणि अन्याय्य काठिण्य

काठिण्याची स्तुती करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जे जे कठीण ते ते चांगले, असा निष्कर्ष कोणी काढू नये. न्याय्य काठिण्य ओळखण्यासाठी तीन कसोट्या मांडता येतील.

पहिली कसोटी : हरल्यावर कारण सांगता येते काय? 'मी घाई केली', 'मी हुलीला फसलो' असे म्हणता आले तर पराभवातून काही हाती लागले. 'एल्डन रिंग'मधील मार्गिट हा सुरुवातीचा प्रतिस्पर्धी काठी उंचावून मुद्दाम थबकतो आणि आपली कोलांटी संपल्यावर ती खाली आणतो. हे चीड आणणारे असले तरी डोळ्यांना दिसणारे आहे. घाबरून आधीच बटण दाबण्याच्या सवयीवर तो उपचार आहे. याउलट 'डार्क सोल्स'मधील 'बेड ऑफ केऑस' या लढाईत पायाखालची जमीन अचानक कोसळते आणि खेळाडू दरीत जातो. तेथे कौशल्यापेक्षा नशीब मोठे ठरते. त्याच खेळातील 'ब्लाइटटाउन' या दलदलीच्या भागात त्या काळच्या यंत्रांवर चित्राची गतीच अडखळत असे. हे काठिण्य नव्हे, सदोष कारागिरी होय.

दुसरी कसोटी : पुन्हा प्रयत्न करण्याची किंमत किती? जुन्या खेळांत प्रतिस्पर्ध्याकडून हरल्यावर दूरच्या शेकोटीपासून पुन्हा तेथवर चालत यावे लागे. यात शिकण्यासारखे फारसे काही नसे. केवळ वेळ जाई. 'एल्डन रिंग'मध्ये अनेक मोठ्या लढायांच्या जवळच पुन्हा उभे राहण्याच्या जागा दिल्या आहेत. लढाई तसूभर सोपी न करता कंटाळा कमी केला, हा या खेळाचा मोठा गुण मानावा लागेल.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची : जो सर्वांत सावकाश शिकतो त्याचे काय होते? 'डार्क सोल्स'मध्ये शेकोटीशी बसले की औषधाचे घोट आपोआप भरले जातात. शंभर वेळा हरलेला आणि एकदाही न हरलेला दोघेही तेवढीच शिदोरी घेऊन निघतात. 'ब्लडबोर्न'मध्ये मात्र औषधाच्या कुप्या खर्च होऊन जातात. साठा संपला की लढाई सोडून, दुबळ्या शत्रूंना मारून त्या गोळा करीत हिंडावे लागते. म्हणजे जो अधिक हरतो तो अधिक दरिद्री होतो, आणि ज्याला सरावाची सर्वाधिक गरज त्याच्याच सरावात खंड पडतो. एका उत्कृष्ट खेळातील हा ढळढळीत अन्याय आहे. तो शौर्याच्या नावाखाली खपवून घेऊ नये.

७. सोप्या पर्यायाचा वाद

आता अखेरच्या प्रश्नाकडे येऊ. या खेळांत 'सोपे, मध्यम, कठीण' अशी निवड देणारी कळ नाही. ती असावी काय? एक पक्ष म्हणतो, सर्वांना एकाच भिंतीशी टक्कर द्यावी लागते म्हणूनच त्या भिंतीविषयी बोलण्याला अर्थ येतो. ती ज्याला त्याला हवी तेवढी बुटकी करता आली, तर तो सामाईक अनुभव उरणार नाही. दुसरा पक्ष विचारतो, ज्याची बोटे आजाराने मंदावली आहेत, ज्याला एकच हात आहे, ज्याला कमी ऐकू येते, त्याने काय करावे? पैसे मोजून घेतलेल्या खेळाच्या उंबरठ्यावरच थांबावे काय?

दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. परंतु येथवरच्या विवेचनाच्या उजेडात पाहिले तर पहिला पक्ष दुबळा वाटतो. 'डार्क सोल्स' आणि 'एल्डन रिंग' यांत भिंत सर्वांसाठी एकसारखी उंच कधीच नव्हती. मंत्र, जड ढाल, आत्म्यांचे साहाय्य, अनोळखी सोबती, किंवा प्रतिस्पर्ध्याला सोडून दुसरीकडे भटकून बळ वाढवून परत येणे, हे सारे सोपे पर्यायच आहेत. फरक इतकाच की ते यादीत मांडलेले नसून जगात पेरलेले आहेत. 'एल्डन रिंग'ची २०२४ सालच्या जून महिन्यात आलेली पुरवणी 'शॅडो ऑफ द अर्डट्री' अति कठीण झाल्याची ओरड झाली, तेव्हा कर्त्यांनी त्याच महिन्यात दुरुस्ती करून, शोध घेऊन मिळणाऱ्या बळाचा आरंभीचा लाभ वाढवला. आकाश कोसळले नाही.

इतरांनी शोधलेल्या वाटाही पाहण्याजोग्या आहेत. 'हेडीस' या २०२० सालच्या अमेरिकन खेळात एक ऐच्छिक सोय आहे. ती स्वीकारली की शत्रूच्या वारांची धार वीस टक्क्यांनी घटते, आणि पुढे प्रत्येक मरणानंतर ती आणखी दोन-दोन टक्क्यांनी, अखेर ऐंशी टक्क्यांपर्यंत घटत जाते. शत्रूचे डाव तेच राहतात, ते ओळखण्याची गरजही राहते. फक्त हरणाऱ्याला शिकण्यास अधिक वेळ मिळतो. कुप्या संपवणाऱ्या व्यवस्थेच्या नेमकी उलट ही व्यवस्था आहे. त्याच वर्षीच्या 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात दृष्टी, श्रवण व हालचाल यांच्या मर्यादा ध्यानात घेऊन साठांहून अधिक सोयी पुरवल्या होत्या.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वाचण्यातला अडथळा आणि आशयाचे काठिण्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या कलाशाखेला हा भेद नवा नाही. मर्ढेकरांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आक्षेप घेतला गेला. पुढे तीच कविता वर्गावर्गांतून शिकवली गेली. टीपा दिल्या, शिक्षकाने एक ओळ समजावून सांगितली, अक्षर मोठे छापले, म्हणून कविता उथळ झाली नाही. बटणांची जागा बदलू देणे, आवाजाने मिळणारी सूचना डोळ्यांनाही दाखवणे, वाराचा क्षण थोडा रुंद करू देणे, या सोयी मोठ्या अक्षराच्या पुस्तकासारख्या आहेत. त्यांनी डाव बदलत नाही. डाव ओळखण्याची संधी मिळते. 'सेकिरो'सारख्या एकाच रीतीच्या खेळाला तर त्यांची सर्वाधिक गरज आहे, कारण तेथे दुसरी वाट ठेवलेलीच नाही. जेथे कर्त्याने रीती कमी केल्या, तेथे त्या एका रीतीपर्यंत पोहोचण्याची पायरी बांधण्याची जबाबदारी त्याच्यावर अधिक येते.

८. समारोप

सारांश, या खेळांचे काठिण्य शत्रूच्या प्राणपट्टीच्या लांबीत नाही. ते वाराचा पवित्रा ओळखणे, दम राखणे आणि आपली रीत निवडणे यांत आहे. 'डार्क सोल्स'ने अनेक रीती दिल्या, 'ब्लडबोर्न'ने ढाल काढून घेऊन खेळाडूला पुढे ढकलले, 'सेकिरो'ने एकच रीत परिपूर्ण केली, आणि 'एल्डन रिंग'ने पुन्हा सर्व दारे उघडून काठिण्याला लवचीक बनवले. यांत अमुक एक रीत मर्दानी आणि अमुक एक पळपुटी, अशी प्रतवारी लावण्याचे कारण नाही; ज्याने त्याने आपल्या हाताला झेपेल ती रीत घ्यावी आणि ती मनापासून घोटावी.

डार्क सोल्सच्या जाहिरातीत 'मरावयास सज्ज व्हा' असे घोषवाक्य होते. ते आकर्षक असले तरी पुरते खरे नाही. मियाझाकी स्वतः वारंवार सांगत आले आहेत की काठिण्य हा त्यांचा हेतू नसून त्यावर मात केल्याचे समाधान हा हेतू आहे. त्या समाधानाचा हक्क चपळ बोटांच्या मूठभर खेळाडूंपुरता राखून ठेवावा काय, एवढाच प्रश्न उरतो. ज्या खेळाने मरण न येणारा वस्ताद देवळापाशी बसवून ठेवला, त्याच्याकडून 'नाही' हेच उत्तर अपेक्षित आहे. आणि खेळणाऱ्या आपण सर्वांनीही, शेजारी बसून तिसाव्यांदा हरत असलेल्या मित्राला हसण्यापूर्वी, तेच उत्तर द्यावे.